आबांचा चेहरा

अंबरपेठ, हैदराबाद
१२ ऑगस्ट २०२३

प्रबुद्धा, जय भीम.

फोन केला की त्रिवेणी उचलते आणि "ते बाहेर गेलेत" म्हणते. निवृत्त झालेला माणूस एवढा बाहेर असतो तरी कुठे? नांदेडात दुसरी नोकरी धरलीस की काय? पत्राला मात्र तू लगेच उत्तर देतोस, म्हणून लिहायला बसले.

बातमी अशी आहे की आपल्या आबांचा पुतळा होतोय. हसू नकोस, मीही आधी हसले. आपल्या लोकांत पुतळा म्हटलं की डोळ्यांपुढे एकच येतो, निळा कोट आणि हातात पुस्तक. आबांचा पुतळा म्हणजे काय, खाकी शर्ट आणि हातात खुरपं? पण आमच्या बाग समितीच्या भाग्यलक्ष्मी मॅडम घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या की ठरलंच आहे. मोहल्ल्या-मोहल्ल्यात एक बाग, कचरा टाकायच्या जागा साफ करून, ही सगळी योजना पहिल्यांदा श्रीपती हनवत्यांनी मांडली आणि वीस वर्षं रेटली, हे त्यांना जुन्या कागदांत सापडलंय. आपल्या कोपऱ्यावरच्या बागेतच पुतळा बसणार. खाली तेलुगू, इंग्रजी आणि उर्दूत नाव. मी म्हटलं, मराठीत? तर म्हणाल्या, "मराठी कौन पढ़ता मॅडम इधर?" मी म्हटलं, मी पढते. मग एक ओळ कबूल केली.

आता अडचण सांगते. आबांचा चेहराच कुणाकडे नाही. फोटो काढायची वेळ आली की आबा मागच्या रांगेत जाऊन उभे राहायचे, तुला ठाऊकच आहे. जे दोनचार होते ते वीस सालच्या पुरात ट्रंकेसकट गेले. आबा नोकरीला होते त्या बाग खात्याकडे एकच निघाला, त्यात डोक्यावर टोपी आणि टोपीखाली नुसती सावली. मूर्तिकार कुलदीप म्हणून आहे, कुकटपल्लीला त्याची शेड आहे. तो म्हणतो, "अम्मा, टोपी के नीचे तो अंधेरा है. मैं मुँह किधर से लाऊँ? उनके खून का कोई है तो लाके बिठाव सामने." ज्यांचा फोटो नाही त्यांचं तो असंच करतो. मुलाला नाहीतर भावाला पुढ्यात बसवायचं, त्याच्यावरून मातीचा चेहरा घडवायचा आणि घरच्यांना विचारत विचारत वय वाढवायचं.

तर तू ये. तुझं नाक आबांचं, जबडा आबांचा. माय म्हणायचीच की एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. एका रात्रीची तर गाडी आहे, सकाळी सिकंदराबादला उतरशील. दोन-तीन दिवस बसावं लागेल, तेवढंच. मी ज्वारीच्या भाकरी आणि गोंगुऱ्याची, म्हणजे आपल्या अंबाडीची, भाजी करीन. माय गेली तेव्हा आलास, त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

तुझी,
अक्का

*

नांदेड
२० ऑगस्ट २०२३

प्रिय अक्का, जय भीम.

पत्र वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो आणि त्रिवेणी स्वयंपाकघरातून बघायला आली. आबांचा पुतळा! आबा असते तर म्हणाले असते, तेवढ्या जागेत एक कडुलिंब लावा.

मला त्यांचं एकच चित्र आठवतं. रविवारी सकाळी सायकलच्या दांड्यावर मला बसवून ते कुठल्यातरी उकिरड्याकडे न्यायचे आणि म्हणायचे, "इथं झोपाळा येणार, इथं बाक येणार." मला तर नुसती डुकरं दिसायची. मी तसं म्हटलं की त्यांचा ओठाचा एक कोपरा आत ओढला जायचा आणि सायकल घराकडे वळायची. घरच्या झाडांना त्यांनी कधी पाणी घातलेलं मी पाहिलं नाही. आपण दोघं त्यांतलीच, असं मला लहानपणी वाटायचं. तू नाही मानत ते, माहीत आहे.

ऑगस्टात मात्र जमायचं नाही गं. त्रिवेणीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि नातवाचं दहावीचं वर्ष आहे, त्याला क्लासला सोडायला घरात मीच रिकामा. पुढच्या महिन्यात बघतो. तोवर माझे फोटो पाठवू का? समोरून आणि दोन्ही बाजूंनी, पोलीस काढतात तसे.

आणि मी आलो काय, न आलो काय, तुला तिथे माणसांना काय तोटा! अख्खा अंबरपेठ तुला टीचरम्मा म्हणतो. मी गेल्या खेपेला आलो होतो तेव्हा तुझ्याबरोबर भाजी आणायला निघालो, तर तुझे नमस्कार घेता घेता भाजीवाला गाडी घेऊन निघून गेला होता.

लिहीत जा. तुझं पत्र मी दोनदा वाचतो.

तुझा,
प्रबुद्ध

*

अंबरपेठ
१८ सप्टेंबर २०२३

प्रबुद्धा,

फोटो चालत नाहीत. मी विचारलं. कुलदीप म्हणतो, फोटोवरून केलेला पुतळा फोटोसारखाच दिसतो, माणसासारखा नाही. त्याला बोटांनी गालाचं हाड चाचपायचं असतं.

काल त्याच्या शेडवर जाऊन आले. आबा उभे आहेत. लोखंडी सळ्यांवर माती चढवून खांदे केलेत, हात केलेत, हातात रोप दिलंय. समितीतल्या एकाला वाटत होतं की हात पुढे करून बोट दाखवावं, पुढाऱ्यासारखं. मी म्हटलं, आमच्या आबांनी बोट उगारलं ते फक्त माझ्या भावावर. ते रद्द झालं. पण मानेच्या वर नुसता गोळा आहे रे. डोळे नाहीत, तोंड नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात म्हणजे माती तडकत नाही. त्यानं गोणपाट काढलं आणि मला अगदी भडभडून आलं. त्याला वाटलं धूळ गेली डोळ्यांत, त्यानं पाणी आणून दिलं.

त्याला आबा ठाऊक नाहीत. भाग्यलक्ष्मींना नाहीत. समितीत एकानंही आबांना डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आबांना ओळखणारी माणसं आता दोनच उरली, एक मी आणि एक तू. परभणीच्या सुधीरनं लहानपणी पाहिलं असेल, तो चुलतभाऊ, त्याला काय आठवणार. मी काही सांगितलं की सगळे माना डोलावतात. चूक सांगितलं तरी डोलावतील. "असंच होतं" किंवा "असं नव्हतं अक्का" म्हणणारं कुणीतरी शेजारी असावं, एवढंच मला हवंय.

आणि तू माणसांचं म्हणालास. टीचरम्मा म्हणतात ते खरं, पण रस्ता ओलांडेपर्यंतच. शाळेतला मराठी वर्ग बंद झाला ते तुला सांगितलं होतं का? माझी मुलं भेटतात, आता त्यांचीही मुलं मोठी झालीत. ती "बागुन्नारा मॅडम" म्हणून तेलुगूत विचारतात, मी बरी आहे म्हणते आणि ती जातात. शेजारची गौरी होती, तीही लेकाकडे कुकटपल्लीला गेली. तिच्या घरात आता शिकणारी मुलं राहतात, त्यांचं दार नेहमी बंद. कधी कधी आठवडा जातो आणि माझ्या तोंडातून मराठी शब्द निघत नाही. मग मी भाजी चिरताना स्वतःशीच मोठ्यानं बोलते, आवाज गंजू नये म्हणून.

दसऱ्यापर्यंत ये. पुढे इथे निवडणूक लागली की सगळं लांबेल आणि माती तेवढे दिवस धरणार नाही.

अक्का

*

नांदेड
९ ऑक्टोबर २०२३

प्रिय अक्का,

तीन कागद फाडून हा चौथा लिहितोय. मला येता येणार नाही. कारण विचारू नकोस आणि आग्रह करू नकोस. घरात सगळं ठीक आहे, त्रिवेणीचा डोळा बरा आहे, कुणी आजारी नाही. सुधीरला बोलावून घे. त्याचं नाक आपल्या घराण्याचंच आहे, हौशी माणूस आहे, तो आनंदानं बसेल.

रागावू नकोस. आणि लिहायचं थांबवू नकोस, एवढं माझं ऐक.

प्रबुद्ध

*

अंबरपेठ
१४ नोव्हेंबर २०२३

चि. प्रबुद्धास,

चेहऱ्याची सोय झाली. काळजी नसावी. माती पक्की झाली, साचा निघाला, आता ओतकाम व्हायचं आहे. २१ जानेवारीला, आबांच्या स्मृतिदिनी, पुतळा उघडणार आहेत. निमंत्रण समितीकडून येईल. जमलं तर यावं.

रेणुका

*

नांदेड
३० जानेवारी २०२४

प्रिय अक्का,

तू अडीच महिने लिहिलं नाहीस. रोज पोस्टमनच्या वेळेला फाटकाशी उभा राहायचो. त्रिवेणी म्हणायची, तुम्हाला नोकरीची ऑर्डर यायचीय का?

कार्यक्रमाला आलो नाही, त्याचं तुला काय सांगू. त्या दिवशी सकाळपासून मी घरात नुसता फेऱ्या मारत होतो. शेवटी नातवानं समितीचा फोटो मोबाइलवर शोधून काढला आणि माझ्या हातात दिला.

अक्का, आबाच की गं ते! मी नातवाचा मोबाइल धरून पलंगावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. तो पोरगा घाबरला. पंचवीस वर्षांनी आबा दिसले मला. ते कपाळ, डोळ्यांखालच्या त्या पिशव्या, आणि तो ओठाचा कोपरा, माझ्यावर चिडले की आत ओढला जायचा तस्साच! कुलदीपला हे कसं कळलं? तू सांगितलंस ना? आणि सुधीरनं काय बसून दिलंय! त्याला माझ्यातर्फे शाबासकी दे. मी असतो तर एवढं साधलं नसतं. माझा चेहरा हल्ली सुजल्यासारखा झालाय.

मी तो फोटो मोठा करून आणला, चौकट केली आणि बैठकीत लावला. हार घातला. पांढरे कपडे घालून आम्ही सगळे बसलो, मेणबत्ती लावली, वंदना घेतली. आबा जिवंत होते तेव्हा त्यांच्यापुढे मी असा कधी हात जोडून बसलो नव्हतो. मनात म्हटलं, आबा, झोपाळा आला, बाक आले, तुमचं खरं होतं. फार हलकं वाटलं. तू हे सगळं घडवून आणलंस. तुझे उपकार आहेत माझ्यावर.

आता तरी लिही.

तुझा,
प्रबुद्ध

*

अंबरपेठ
७ फेब्रुवारी २०२४

प्रबुद्धा,

सुधीर आला नाही. त्याला मी बोलावलंच नव्हतं.

तुझं "येता येणार नाही" आलं तेव्हा मी शेडवर गेले होते, कुलदीपला सांगायला की बाबा रे, कुणी नाही. तो म्हणाला, "तो आप बैठो ना अम्मा. उनकी बेटीच ना आप?" मी म्हटलं, मी बाईमाणूस. तर म्हणे, "हड्डी में क्या औरत, क्या मरद. मूँछ मैं लगाता." त्यानं मला स्टुलावर बसवलं, केस मागे बांधायला लावले आणि गाल चाचपायला लागला. मायच्या नंतर माझ्या गालाला कुणाचा हात लागला नव्हता. मी तीन दिवस बसले. घाम यायचा, मान अवघडायची, पण खरं सांगते, मला बरं वाटायचं. कुणीतरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्याकडे बघत होतं.

तो ओठाचा कोपरा आबांचा नव्हे. तो माझा आहे. मी तिथे बसून तुझ्यावर चिडले होते.

कुलदीपनं वय वाढवायचं ठरवलं होतं, ते त्याला करावंच लागलं नाही. डोळ्यांखालच्या पिशव्या माझ्या. कपाळावरच्या आठ्या माझ्या. त्यानं फक्त मिशी लावली आणि टोपी घातली. भाग्यलक्ष्मी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अच्चम् नान्नगारे!" म्हणजे अगदी तुमचे वडीलच. त्यांनी आबांना पाहिलं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. मनात म्हटलं, ज्यानं पाहिलंय तो बघेल तेव्हा हसेल. म्हणेल, हे काय अक्का, मिशी लावून उभी राहिलीस! मी त्याची वाट बघत होते. त्या दिवशी मला दुसऱ्या रांगेत खुर्ची दिली होती. पडदा ओढला आणि पाहुण्यांनी पुतळ्याच्या, म्हणजे माझ्याच गळ्यात झेंडूचा हार घातला, प्रबुद्धा. जिवंत माणसाच्या चेहऱ्याला कुणी हार घालतं का? शेजारी सांगायला कुणी नव्हतं. टाळ्या वाजत होत्या म्हणून मीही वाजवल्या.

आबांच्या स्मृतिदिनाला मी दरवर्षी मेणबत्ती लावते. यंदा नाही लावली. स्वतःच्याच तोंडापुढे कशी लावायची?

आणि तू लावलीस. तू माझ्या फोटोला चौकट केलीस, हार घातलास, घर गोळा करून वंदना म्हटलीस आणि रडलास. म्हणजे मी मेल्यावर तुला जे करायचं होतं ते करून झालं. आता मी खरंच गेले तर तू यायला हवंस असं काही नाही, तुझं उरकलंय. तुला आबा दिसले आणि हलकं वाटलं, मला त्याचा आनंदच आहे. पण माझा सख्खा भाऊ माझ्या तोंडाकडे बघत बसला आणि त्याला मी दिसले नाही, हे मला सोसत नाही. मी मेलेली नाही रे. इथेच आहे, बागेपासून तिसऱ्या घरात.

यापुढे मी लिहिणार नाही. तुलाही सुटका होईल.

रेणुका

*

नांदेड
१३ फेब्रुवारी २०२४

अक्का,

तुझं पत्र वाचून फोटो भिंतीवरून उतरवला. हार काढला. त्रिवेणीलाही सांगितलं.

आता कारण सांगतो, आधी सांगायला हवं होतं. मला ऐकू येत नाही. कमी येतं असं नाही, येतच नाही. दोन वर्षांपूर्वी एक कान गेला आणि मागच्या उन्हाळ्यात दुसरा. यंत्र लावून बघितलं, त्यात नुसती खरखर येते, शब्द येत नाहीत. म्हणून त्रिवेणी फोनवर मी बाहेर गेलोय म्हणते, मीच सांगितलंय तसं. नातवाला क्लासला सोडायला म्हणून जातो, खरं तर तोच माझा हात धरून रस्ता ओलांडून देतो, मागून गाडी आलेली मला कळत नाही. घर माणसांनी भरलेलं आहे. सगळे बोलतात, सगळ्यांचे ओठ हलतात, मी हसतो. कधी चुकीच्या जागी हसतो आणि मग सगळे गप्प होतात. त्यापेक्षा खोलीत बरं.

तुझं पत्र आलं की मला तुझा आवाज ऐकू येतो. अगदी स्पष्ट, तू रागावतेस तोसुद्धा. एवढा एकच आवाज माझ्याकडे शिल्लक आहे. मी तुझ्याकडे आलो असतो तर तू बोलली असतीस आणि मला तुझेही नुसते ओठच दिसले असते. त्याची मला भीती वाटली. म्हणून आलो नाही. तुला तिथं मराठी बोलायला माणूस नाही हे वाचलं, तेव्हा तर जास्तच वाटलं की मी येऊन काय देणार, दगडाशी बोलल्यासारखं होईल तुला. तू आता लिहिणार नाहीस म्हणतेस, ती शिक्षा मला नको करूस.

काल दुपारी तो फोटो मांडीवर घेऊन बसलो. मिशी अंगठ्याने झाकली. दुसऱ्या हाताने टोपी झाकली.

तूच होतीस. अक्का, तू किती म्हातारी झालीस गं. मला वाटत होतं की तू अजून तशीच आहेस, काळ्या केसांची, भाजीच्या पिशवीचा एक बंद मला धरायला लावणारी. मी नऊ वर्षं त्या बाईला पत्रं लिहीत होतो.

शनिवारी निघतोय. रविवारी सकाळी सिकंदराबादला उतरेन. सोबत कुणी नाही, एकटाच येतोय, त्रिवेणीशी भांडून. तू स्टेशनवर ये. गर्दीत मला हाक मारू नकोस, ऐकू यायची नाही. फक्त समोर येऊन उभी राहा. मी ओळखीन.

प्रबुद्ध